एक एम्ब्रियो ठरला होता, झाली जुळी : केस नेमकी कशाची करायची?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: संमतिपत्रावर एकच एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेला भ्रूण) गर्भाशयात सोडायचा असं ठरलं होतं, झाली जुळी, तीही वेळेआधी. काचेच्या पेटीचं, म्हणजे एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल अजून फिटतंय. आणि केसचा विषय काढला की घरचे म्हणतात, ‘देवानं दोन पदरात घातली, आणि तुम्ही कोर्टात निघालात?’ या पेचातून आम्हीही गेलोय, म्हणून लिहितेय. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. मुदती आणि कलमं वकिलाकडून तपासून घ्या.

केस नैतिक की अनैतिक हे ठरवण्याआधी चूक झाली का ते बघा. एकच सोडलेला एम्ब्रियो दुभंगूनही जुळी होतात, आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) साधारण शंभरात एक-दोनदा. तसं असेल तर दोष कुणाचाच नाही, आणि क्लिनिकचा पहिला बचाव हाच असेल. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधा. पाचव्या दिवसाचा एम्ब्रियो (ब्लास्टोसिस्ट) आत गेल्यावर दुभंगला, तर वार (प्लासेंटा) बहुतेक वेळा एकच असते. रिपोर्टात ‘डायकोरिऑनिक’, म्हणजे दोघांची वार वेगळी, असं लिहिलं असेल तर संशयाला जागा आहे (अपवाद असतात, नुसत्या त्यावर उड्या मारू नका). एक मुलगा, एक मुलगी असेल तर दुभंगण्याचा मुद्दा जवळजवळ निकालात निघाला. दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असतील तर ती एकाच एम्ब्रियोची की दोन, हे बघायला गालाच्या आतल्या स्वॅबवरून डीएनए चाचणी होते. ट्रान्सफर (एम्ब्रियो आत सोडणं) नॅचरल सायकलमध्ये, म्हणजे तुमचं स्वतःचं बीज सुटत असलेल्या महिन्यात, झालं असेल तर ‘दुसरं नैसर्गिकरीत्या राहिलं’ असंही म्हणतील. प्रश्न अवघडवणारा आहे, पण उत्तर तयार ठेवा.

आता मुख्य गोष्ट. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची फाइल घेऊन वकिलाकडे जाऊ नका, त्यातून काहीही सिद्ध होत नाही. कागद लागतो तो एम्ब्रियॉलॉजी शीट, म्हणजे लॅबमधली एम्ब्रियोंची नोंद. कोणत्या नंबरचा एम्ब्रियो, त्याची ग्रेड काय, कितव्या दिवसाचा, गोठवलेल्यांपैकी किती वितळवले, कॅथेटरमध्ये (आत सोडायच्या नळीत) किती भरले, नंतर कॅथेटर मायक्रोस्कोपखाली तपासला का, भरणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही. हे सगळं त्या एका कागदावर असायला हवं. घोळ होतो तो बहुधा इथेच: एकाच स्ट्रॉमध्ये (गोठवायच्या बारीक नळीत) दोन एम्ब्रियो गोठवलेले असतात, वितळवताना दोन्ही बाहेर येतात, आणि संमतिपत्र कुणी उघडून बघत नाही.

आमच्या वेळी सगळ्यात महाग पडला तो क्लिनिकचा रेकॉर्ड विभाग (नाव लिहीत नाही). मागायला गेलं की गोड हसून समरीची झेरॉक्स हातात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘लॅबचा कागद अंतर्गत असतो.’ असं काही नसतं! डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने क्लिनिकला नोंदी किमान १० वर्षं ठेवायला लावल्यात, आणि लेखी संमतीशिवाय उपचार करायला मनाई आहे. तोंडी मागू नका. दोन प्रतींत अर्ज द्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत ईमेल करा. अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका, शीटचं नाव घेऊन मागा. त्यांनी दिलंच नाही, तर ती पोच हाच तुमचा पुरावा होतो.

एक आडवाट: एम्ब्रियो गोठवून ठेवल्याच्या वार्षिक पावत्या जपून ठेवा. पाच गोठवले, एक सोडला आणि पुढच्या पावतीवर तीनच उरले असतील, तर मधला एक कुठे गेला हे त्यांना सांगावं लागेल. खराब झाला म्हणून टाकला म्हणतील, मग तशी नोंद दाखवा म्हणा.

ग्राहक आयोगात मुदत २ वर्षांची. बाळंतपणापासून मोजू नका, दोन ठोके दिसले त्या सोनोग्राफीपासून मोजा, म्हणजे वादच नको. क्लिनिकला मोजलेली फी ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या बाळाच्या पालनपोषणाचा खर्च मागू नका. कायद्याने तो मागताच येत नाही असं नाही. सुप्रीम कोर्टाने २००० साली हरियाणाच्या संत्रा खटल्यात, नसबंदी फसल्यावर झालेल्या मुलीसाठी तो दिला होता. पण २००५ च्या शिव राम निकालात तेच कोर्ट म्हणालं की गर्भ राहिल्याचं कळूनही पुढे जायचं ठरवलं, तर मूल नकोसं होतं असं म्हणता येणार नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) १९९९ मध्ये निरोगी मुलाचा खर्च नाकारला, ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २००३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. ते खटलेही फसलेल्या नसबंदीचेच. न्यायाधीशांचंच एकमत नाही, तिथे तुमच्या आत्याबाईंचं कुठून होणार?

पालनपोषण मागितलंत की समोरचा वकील विचारणारच, ‘दोघांतलं नकोसं कोण?’ त्या प्रश्नाला दारच उघडू नका. मागणी फक्त यांची करा: एनआयसीयूचं बिल, जुळ्यांमुळे वाढलेले तुमचे उपचार, बुडालेला पगार, आणि संमती मोडली त्याची भरपाई. चूक मूल होणं ही नाही, तुम्हाला न विचारता तुमच्या शरीराबद्दल ठरवलं ही आहे. तक्रारीत ‘नुकसान’ हा शब्द मुलांच्या नावाशेजारी येऊ देऊ नका, वकिलाचा मसुदा त्यासाठी ओळ न ओळ वाचा. त्यांचे साचे ठरलेले असतात.

‘रिडक्शन (दोनांतला एक गर्भ थांबवणं) का नाही केलं?’ हेही विचारतील. ते साधारण ११ ते १४ आठवड्यांत करतात, त्यात दुसरा गर्भही जाण्याचा धोका असतो, आणि वार एकच असेल तर नेहमीचं इंजेक्शन देताच येत नाही. ते नाकारणं म्हणजे क्लिनिकची चूक माफ करणं नव्हे, हे तक्रारीतच लिहून टाका.

आयोगाचे आदेश ऑनलाइन दिसतात. तुमची आणि मुलांची नावं आद्याक्षरांत ठेवावीत असा वेगळा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. आणि तडजोडीचा कागद पुढे आला तर मुलांच्या पुढच्या उपचारांचे हक्क त्यात सोडलेत का ते बघितल्याशिवाय सही करू नका.