बिले तपासण्यात गेलेले आठ आठवडे

प्रश्न : मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. सुट्टीत एका कंपनीच्या लेखा विभागात आठ आठवडे इंटर्नशिप केली, पण जवळजवळ सगळा वेळ खरेदीची बिले तपासण्यातच गेला. मार्केटिंगचे काहीच शिकायला मिळाले नाही. हा वेळ वाया गेला असे समजावे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमची निराशा समजण्यासारखी आहे, तरीही वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. बिल तपासणे म्हणजे खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल हे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहणे. समजा, ऑर्डर ५०० नगांची आहे, गोदामात ४८० नगच उतरले आहेत आणि बिल मात्र पूर्ण ५०० नगांचे आले आहे. अशा वेळी गोदामात चौकशी करावी लागते, खरेदी विभागाला कळवावे लागते आणि पैशांसाठी ताटकळलेल्या पुरवठादाराला फोनवर नीट उत्तरही द्यावे लागते. खेळते भांडवल, म्हणजे रोजचे व्यवहार चालवायला हाताशी लागणारा पैसा, ही संकल्पना पुस्तकात दोन ओळींत संपते, पण आपल्या टेबलावर अडकलेल्या बिलामुळे समोरच्याचे व्यवहार खोळंबतात हे एकदा अनुभवले की ती कायमची उमगते. वर्गातल्या चुकीने आपले गुण जातात, कामातल्या चुकीची झळ दुसऱ्याला बसते. ही जाणीव झाली की न समजलेले वेळीच विचारण्याचा आणि झालेली चूक आपणहून सांगण्याचा धीर येतो. व्यक्ती म्हणून होणारी वाढ मला प्रामुख्याने इथेच दिसते.

मात्र नुसत्या अनुभवाने शिकणे पुरे होत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अध्ययनचक्रात अनुभवानंतर त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून सूत्र काढणे आणि ते नव्या कामात वापरून पाहणे असे टप्पे आहेत. तुमचे शिकणे बहुधा अनुभवाच्या पहिल्याच टप्प्यावर थांबले आहे, आणि त्याचा सगळा दोष तुमच्याकडे जात नाही. विद्यार्थ्याला काम देऊन त्यामागचे कारण न सांगणारी कंपनी आणि केवळ प्रमाणपत्र जमा करून घेणारे महाविद्यालय, दोघेही आपल्या जबाबदारीत कमी पडतात.

आठवण ताजी आहे तोवर अडकलेली तीन बिले आठवा. ती का अडकली, कोणी सोडवली आणि तुम्ही काय केलेत, हे लिहून काढा आणि लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. पुढच्या मुलाखतीत कामाविषयी विचारतील, तेव्हा त्यांतले एक बिल सविस्तर सांगा.