हेल्मेट काढू नकोस

प्रिय मुला,

शनिवारी कीपिंग करताना फिरकी सुरू झाली आणि तू हेल्मेट काढून मागे ठेवलंस. त्याआधी स्लिपमधून तुला कोण 'घाबरट' म्हणालं, तेही मी ऐकलं. मैदानात ओरडलो नाही, म्हणून हे पत्र.

रॉजर ब्रेसनहान हे नाव तू ऐकलेलं नसणार. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन बेसबॉलपटू, न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर. कॅचर म्हणजे आपला कीपरच, फक्त तो सबंध सामनाभर उकिडवा बसतो, आणि फलंदाजाच्या बॅटला चाटून आलेला चेंडू थेट त्याच्या नडगीवर आदळतो. गडी तसा बढाईखोर. जन्म ओहायोतल्या टोलेडोचा, पण सांगायचा आयर्लंडमधल्या ट्रलीचा! खेळाला मात्र तोड नव्हती. 1905 च्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेचे, पाचही सामने त्याने कॅचर म्हणून खेळले. त्यात जायंट्सचा पिचर (म्हणजे गोलंदाज) मॅथ्यूसनने सहा दिवसांत तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. ते चेंडू यानेच झेलले.

11 एप्रिल 1907. मोसमाचा पहिला सामना, मैदानाच्या कडेला बाजूला सारलेला बर्फ. ब्रेसनहान क्रिकेटच्या पॅडसारखे दिसणारे नडगीरक्षक बांधून उतरला. त्याआधीही काही कॅचर मोज्यांच्या आत काहीबाही बांधत, पण लपवून. याने सगळ्यांना दिसेल असं वरून बांधलं. साहजिकच टर उडवली गेली. (त्या दिवशी प्रेक्षकांनी मैदानात बर्फाचे गोळे इतके फेकले की पंचांनी सामनाच फिलाडेल्फियाला बहाल केला. पण त्यात बिचाऱ्या पॅडचा काही दोष नव्हता.)

त्याच वर्षी जूनमध्ये फलंदाजी करताना चेंडू डोक्यात बसला आणि त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. बरा झाल्यावर त्याने डोक्यासाठी चामड्याचं कवच वापरून पाहिलं. पॅडचं अनुकरण लवकर झालं, डोक्याचं नाही. 1920 मध्ये क्लीव्हलँड संघाचा खेळाडू रे चॅपमन डोक्यात चेंडू लागून गेला, तरी फलंदाजांना हेल्मेट सक्तीचं व्हायला 1971 उजाडलं. एवढा काळ लोक कशाला घाबरत होते, तर 'घाबरट' या शब्दाला.

आणि नडगीरक्षक बांधलेल्या त्या 'घाबरट' माणसाने पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, कॅचर म्हणून 139 सामने खेळले. तेव्हाच्या कॅचरांची बोटं मोडायची, गुडघे जायचे, त्या हिशेबात हा आकडा बघ. 1944 च्या डिसेंबरात तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याला बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

माझ्या वेळी हेल्मेट मिळतच नव्हतं, म्हणून मी शूर. माझ्या भुवईवरचा व्रण तू पाहिलाच आहेस. तो आत येणाऱ्या ऑफस्पिनचा, वेगवान गोलंदाजाचा नव्हे.

उद्या नेटला हेल्मेट घेऊन ये. जाळीमुळे चेंडू खाली बघताना अडचण होते म्हणालास ना, ती मी नीट करून देतो. मग पहिला अर्धा तास फक्त स्टंपला चिकटून, फिरकीवर.

तुझा,
सर