ईम: दोन ओढ्यांमधलं द्वीप

प्रश्न असा आहे: इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागातलं ते प्लेगचं गाव मराठीत 'एयाम' लिहावं की 'इयाम'? आणि 1666 साली त्या गावानं स्वतःला कोंडून घेतलं, त्याला 'गावबंदी' म्हणता येईल का?

दोन्ही चूक. 'ईम' लिहा. रोमन अक्षरं चार दिसली की चारही उच्चारायची आपल्याला भारी हौस. तिथले लोक 'भीम'शी यमक जुळेल असं 'ईम' म्हणतात. एका व्हिडिओत तर मी 'आयाम' ऐकलं. गावाला आता लांबी, रुंदी आणि उंचीही आली म्हणायची.

गावबंदी तर मुळीच नाही. गावबंदी बाहेरच्याला असते. पुढाऱ्यांना असते, कोविडात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना होती. ईमच्या लोकांनी आपण बाहेर जायचं नाही असं ठरवलं. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातल्या पिसवांनी रोग आणला असं मानतात. सप्टेंबर 1665 मध्ये शिंप्याकडचा जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. पुढच्या जूनमध्ये गावचा पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधी पदावरून दूर केलेला थॉमस स्टॅन्ली, दोघांनी एकत्र येऊन गावाकडून कबूल करून घेतलं की शीव ओलांडायची नाही. ती शीव आजही दिसते. शेजारच्या स्टोनी मिडलटनकडे जाणाऱ्या वाटेवर एक भोकं पाडलेला धोंडा आहे. भोकांत व्हिनेगर भरायचं, त्यात नाणी टाकायची. बाहेरचे लोक धान्य-भाकर ठेवून ती उचलायचे. चर्च बंद, प्रार्थना उघड्यावर, ककलेट डेल्फ नावाच्या घळीत. 1666च्या नोव्हेंबरपर्यंत 260 माणसं गेली. हॅनकॉक आडनावाच्या बाईनं ऑगस्टच्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली.

आपल्याकडे याला तयार शब्द कुठून असणार? आपली रीतच निराळी. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, म्हणजे साथ शेजारच्या गावाच्या गळ्यात. प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या. 'विलगीकरण' परिपत्रकात ठीक आहे. बोलताना मी 'ईमनं शीव बांधून घेतली' असं म्हणेन. आपण साथ आत येऊ नये म्हणून शीव बांधायचो, त्यांनी ती बाहेर जाऊ नये म्हणून बांधली.

पण हे सगळं सोडा. मौज नावात आहे, आणि ती कुणी विचारलीच नाही!

जुन्या इंग्रजीत 'एग' म्हणजे बेट ('ग'चा उच्चार जवळपास 'य'सारखा). त्याचं अनेकवचन विभक्तीप्रत्ययासह झिजून 'ईम' झालं, अर्थ 'बेटांवर'. प्रत्यय नावाला कायमचा चिकटला. उद्या कुणी पुण्याचं नावच 'पुण्यात' ठेवलं तर जसं होईल तसं. 1086च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडातल्या जमीनजुमल्याच्या सरकारी नोंदवहीत, हे गाव 'आयुने' असं नोंदलं आहे. माझ्या मते तो 'न' मुळात 'म' असावा. त्या काळच्या लेखनात दोन्ही अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची, एखादी दांडी राहिली की संपलं.

समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात, बेट कसलं? इंग्रज नामपंडितांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, ओसाड माळरानात उठून दिसणारा लागवडीचा तुकडा. दुसरा म्हणतो, दोन ओढ्यांमधली जागा. पहिल्या तटाचं मत मला पुस्तकी वाटतं. ओढे डोळ्यांसमोर वाहत असताना बेटाला पाणीच नको म्हणणं हा पंडिती हट्ट झाला. त्यांनी आपला 'द्वीप' पाहायला हवा होता. द्वि आणि अप्, दोन बाजूंना पाणी. 'अप्'चा 'ईप' करणारं सूत्र पाणिनीनंच देऊन ठेवलं आहे. चारी बाजूंनी पाणी हवं ही अट भूगोलाच्या पुस्तकातली, शब्दातली नव्हे. 'एग' आणि 'द्वीप' यांचं नातं नाही, हे मलाही ठाऊक आहे, पत्र पाठवू नका. पण दोन भाषांनी दोन पाण्यांमधली जमीन पाहून एकच विचार केला, एवढं तरी मान्य करा.

पहिल्या तटाला दिलासा हवाच असेल तर मराठी 'बेट' घ्या. नदीतलंही बेट आणि बांबूचंही बेट. आणि खाडीतल्या बेटाला कोकण-गोव्यात 'जुवे' म्हणतात. राजापूर तालुक्यात त्या नावाचं गावच आहे, आणि पोर्तुगीज ज्याला 'जुवें' म्हणत ते आजचं जुहू. इंग्रजांनी तर आपल्या बेटाचं वाटोळं केलं. 'आयलंड'मध्ये 'एस' मुळात नव्हता. फ्रेंच शब्दाशी गल्लत करून मागाहून घुसवला, आणि तेव्हापासून पोरं तो न उच्चारता पाठ करत बसली आहेत. ईम या भानगडीतून सुटलं.

हाच 'एग' लंडनमध्ये बॅटरसी आणि बर्मंडसीच्या शेपटीत बसला आहे. मात्र हा नियम चेल्सीला लावू नका. ते बेट नव्हे, चुनखडी उतरवायचा धक्का.