अमेरिकेतील कॅसिनो कुशल खेळाडूंना बक्षिसांच्या सोडतीतून वगळू शकतात का?

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडापुरते बोलायचे तर, बहुतेक वेळा वगळू शकतात. जुगाराच्या यंत्रांवर खेळणाऱ्याला सोडतीच्या चिठ्ठ्या सहसा सदस्य कार्डावरील गुणांनुसार मिळतात, आणि ते गुण तो किती हरला यावर नव्हे, तर त्याने एकूण किती रकमेचे डाव लावले यावर ठरतात. खरी गोम इथेच आहे. व्हिडिओ पोकर म्हणजे यंत्रावर खेळायचा पत्त्यांचा जुगार; त्यातील 'जॅक्स ऑर बेटर' या प्रकाराच्या सर्वोत्तम परतावा देणाऱ्या यंत्रावर अचूक खेळल्यास सरासरी ९९.५४ टक्के रक्कम परत मिळते. म्हणजे १०,००० डॉलरचे डाव लावूनही अपेक्षित तोटा अवघा ४६ डॉलर, आणि चिठ्ठ्यांचा मात्र ढीग. बक्षीस तेवढेच राहते, पण ते ज्यांच्या हरण्यावर कॅसिनो चालतो त्यांच्या हाती जात नाही, हे व्यवस्थापनाला खुपते.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारातील कुशल खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात, पत्ते मोजतो (म्हणजे कोणते पत्ते पडून गेले हे लक्षात ठेवून डाव लावतो) एवढ्याच कारणावरून कॅसिनोने खेळाडूला स्वतःच्या अधिकारात टेबलावरून उठवू नये, असा निकाल दिला. मात्र तो प्रश्न ब्लॅकजॅक खेळू देण्याचा होता, सोडतीचा नव्हे.

आधी कळवून वगळणे मला समजू शकते, परंतु चिठ्ठ्या जमू देऊन नाव निघाल्यावर बक्षीस नाकारणे हा सरळ अन्याय आहे. असे घडल्यास सोडतीचे छापील नियम जपून ठेवावेत आणि कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या नेवाडा गेमिंग कंट्रोल बोर्ड या सरकारी संस्थेकडे तक्रार करावी. वादाची रक्कम ५०० डॉलर किंवा अधिक असेल, तर बोर्डाला कळवणे कॅसिनोवरच बंधनकारक असते.