नावात ‘स्किन’ असलेली फेलोशिप शोधत बसू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहायला घोडबंदर रोड, पीएचडी खारघरला, विषय केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी. थिसिस जूनपर्यंत जमा होईल. पुढे युरोपात त्वचेवरच काम करायचंय, तर त्वचेसाठीच्या फेलोशिप कोणत्या आणि तयारी कधीपासून?

त्वचेसाठीच्या म्हणून ज्या आहेत, त्यांतल्या बहुतेक भारतातून थेट मिळत नाहीत. ब्रिटिश स्किन फाउंडेशनचा पैसा ब्रिटनमधल्या कामाला जातो, अमेरिकेतल्या डर्मेटॉलॉजी फाउंडेशनचा तिथे आधीच काम करणाऱ्यांना. अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंशोधन संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, एफ३२ फेलोशिपला तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. डेन्मार्कचं लिओ फाउंडेशन त्वचासंशोधनावर सढळ हाताने खर्च करतं, पण ती ग्रँट बहुधा लॅबप्रमुखाच्या नावावर असते. तुमच्यापर्यंत ती पोचते पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाच्या, पगारी जागेच्या रूपाने. तेव्हा रस्ता उलटा धरा. आधी त्वचेची लॅब पक्की करा, मग जीवशास्त्राची सर्वसाधारण फेलोशिप घेऊन तिथे जा.

अशा तीन धरून चाला. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची अर्जाची मुदत दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपते. वायवा (थिसिसची तोंडी परीक्षा) त्याआधी झालेला हवा, आणि मुदतीच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नको. घोडं पेंड खातं ते पहिल्या अटीवर. थिसिस जूनमध्ये जमा झाला तरी परीक्षकांचे अहवाल येऊन वायवा उरकेपर्यंत सप्टेंबर निघून जाण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे यंदाचा सप्टेंबर सोडा, पुढचा धरा. एम्बो या युरोपातल्या रेणवीय जीवशास्त्राच्या संघटनेच्या फेलोशिपला पीएचडी अर्जाच्या दिवशी हातात नसली तरी चालते, फेलोशिप सुरू होण्याआधी मिळालेली पुरते. मात्र पहिल्या लेखकाचा निदान एक पेपर लागतो, आणि पीएचडी होऊन दोन वर्षं उलटली की ते दार बंद. जर्मनीच्या हम्बोल्ट फाउंडेशनच्या फेलोशिपला ठरावीक मुदतच नाही, अर्ज वर्षभर घेतात आणि पीएचडीनंतर चार वर्षं हातात असतात.

वायवा झाला की त्याच आठवड्यात तारखेसह पत्र मागून घ्या. एचबीएनआय या अणुऊर्जा विभागाच्या अभिमत विद्यापीठाची पदवी असेल तर मूळ सर्टिफिकेट अणुशक्तीनगरहून यायला वेळ लागतो, तोवर हे पत्रच कामाला येतं.

लॅबप्रमुखाला ईमेल फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवा, कारण मारी क्युरीसाठी बऱ्याच विद्यापीठांची अंतर्गत निवड सप्टेंबरच्या खूप आधी उरकते. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कोणती फेलोशिप, कोणत्या महिन्याची, वायवा कधी, हे पहिल्या चार ओळींत सांगा. त्यांच्या एका पेपरमधला सुटलेला प्रश्न आणि त्यावर तुम्ही काय कराल हे पुढच्या चार ओळींत. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलात तर तो ओळखू येतो.

खरी मेहनत प्रपोजलची. मारी क्युरीचा मुख्य भाग 10 पानांचा. गुणांत विज्ञानाला 50 टक्के, परिणामाला 30, अंमलबजावणीला 20. 2025 साली 17,000हून जास्त अर्ज आले होते, म्हणजे नुसतं चांगलं प्रपोजल पुरत नाही. तपासणारा त्वचेतला असेलच असं नाही, पण असला तर तो नेमक्या तीन-चार जागी बोट ठेवतो.

पहिली जागा हाकॅट पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत कायम वाढत राहणारे माणसाचे केराटिनोसाइट. स्वस्त, न मरणाऱ्या, पण त्यांचं पी५३ (पेशींच्या वाढीला आवर घालणारं जनुक) बिघडलेलं आणि डिफरन्सिएशन (पेशी पक्व होणं) अर्धवट. शिवाय डीएमईएम या पेशी वाढवायच्या नेहमीच्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) कॅल्शियम 1.8 मिलिमोलर असतं. केराटिनोसाइटला वाढतं ठेवायचं तर ते 0.1 मिलिमोलरच्या खाली लागतं, आणि वाढवून 1.2च्या आसपास नेलं की डिफरन्सिएशन सुरू होतं. म्हणजे ‘कॅल्शियम देऊन बदल पाहू’ असं लिहिलंत आणि मीडियम साधंच ठेवलंत, तर प्रयोग सुरू होण्याआधीच संपलेला असतो. मीडियममध्ये घातलेल्या सीरममधूनही कॅल्शियम येतं, ते चेलेक्स या कॅल्शियम शोषणाऱ्या रेझिनने काढणार आहात हे लिहा. मुख्य निष्कर्ष प्राथमिक (थेट त्वचेतून काढलेल्या) पेशींत किंवा हवेच्या सीमेवर वाढवलेल्या थ्रीडी त्वचेत पडताळणार असं म्हणा. त्या त्वचेला हवेत काढल्यावर साधारण दोन आठवडे लागतात, ते वेळापत्रकात दिसू द्या.

दुसरी जागा उंदीर. त्याची जखम बरीचशी आकसून भरते, कारण कातडीखाली आपल्याकडे जवळपास नसलेला स्नायूचा पातळ थर असतो. माणसाच्या जखमेबद्दल बोलायचं तर भोवती स्प्लिंट (जखम आकसू न देणारी कडी) लावणार का, हे सांगावं लागतं. केसांचं चक्र तर हमखास विसरलं जातं. पाठीवरचे केस साधारण सातव्या आठवड्यात टेलोजेनमध्ये (विश्रांतीच्या टप्प्यात) जातात आणि काही आठवडे तिथेच असतात. ॲनाजेनमध्ये (केस वाढण्याच्या टप्प्यात) कातडी जाड होते, जखमही लवकर भरते. सी५७ या काळ्या जातीच्या उंदराची पाठ भादरून पाहा: गुलाबी असेल तर टेलोजेन, करडी-काळी असेल तर ॲनाजेन. ‘आठ आठवड्यांचे, भादरून रंग तपासलेले’ एवढे पाच शब्द लिहिले की वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस उंदरांत काम केलेला आहे. आणि के१४-क्रे (उंदराच्या त्वचेत हवं ते जनुक बंद करायचं साधन) वापरणार असाल तर ते थायमस आणि तोंडाच्या आतल्या आवरणातही चालतं, हे आधीच मान्य करून टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच चालणारा प्रकार निवडा.

तिसरी जागा परवानग्यांची. जर्मनीत प्राणीप्रयोगांच्या परवानगीला महिनोन्‌महिने जातात. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये उंदीर पहिल्या महिन्यात दाखवलेत तर अंमलबजावणीचे गुण तिथेच गेले. यजमान लॅबकडे चालू परवाना आहे का, हे विचारून त्याचा उल्लेख करा. खारघरहून रुग्णांचे नमुने न्यायचा विचार असेल तर संयुक्त प्रकल्प म्हणून आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं, वर दोन्ही संस्थांचा एमटीए (नमुने देण्याघेण्याचा करार). फेलोशिपच्या दोन वर्षांत हे बसवण्यापेक्षा तिथल्याच रुग्णालयाची त्वचा वापरणं शहाणपणाचं.

पैशाबद्दल एकच सांगतो. मारी क्युरीचा जाहीर आकडा पाहून घरी हिशोब मांडू नका. त्याला आधी देशाचा गुणक लागतो, मग संस्थेचा आणि तुमचा दोघांचाही विम्या-पेन्शनचा वाटा त्यातूनच जातो, वर कर. यजमान विद्यापीठाच्या एचआरला ‘हातात किती’ असं सरळ विचारा. हम्बोल्ट म्हणजे स्टायपेंड, नोकरी नव्हे, त्यामुळे पेन्शन जमा होत नाही.

पोलीस क्लिअरन्स लागलंच तर ठाणे शहरात वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर तो आधी बदलून घ्या, व्हिसाच्या घाईत ते जमत नाही.