दोन रुपयांची बाकी

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. "काका, मी आता बॅगेत फोल्डिंगचा चाकू ठेवतो. चारच इंची आहे, कायद्यात बसतो. बाबांना सांगू नका." सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबडहून पाथर्डी फाट्याकडे येताना दुचाकीवरच्या दोघांनी तुझ्या सोबत्याचा मोबाईल हिसकावला, तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे, हेही लिहिलंस. फोन केला असता तर "हो काका, हो काका" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून पत्र लिहितोय. बाबांना मी काही सांगणार नाही. पण बाबांची एक गोष्ट तुला सांगतो. त्यांनी ती घरात काढली नसणार.

१९९६ साल. नाशिक–कळवण मुक्कामी गाडी, तुझे बाबा ड्रायव्हर, मी कंडक्टर. त्याआधी महिनाभर स्टँडवरच्या गर्दीत कुणीतरी माझ्या कॅशच्या बॅगेचा पट्टा ब्लेडने कापला होता. बॅग वाचली, पण मी हादरलो. पैसे कमी भरले की ते पगारातून जायचे, आणि पगार तरी केवढा! वणीच्या यात्रेत मी खटक्याचा चाकू घेतला. काळ्या मुठीचा. खाकी पँटच्या उजव्या खिशात ठेवायला लागलो.

आठ-दहा दिवसांत माझं वागणं बदललं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. आधी गाडीत कुणी पिऊन चढला की मी म्हणायचो, "बसा मामा, खिडकीशी बसा." आता मी त्याच्याकडे रोखून बघायला लागलो. कुणी आवाज चढवला की माझाही चढायचा. खिशात काय आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

एका रात्री नऊच्या सुमारास दिंडोरी स्टँडवर एक मजूर उतरला. त्याने दहाची नोट दिली होती, सुट्टे नव्हते, म्हणून मी तिकिटामागे दोन रुपये बाकी लिहिली होती. खाली उतरून त्याने ते मागितले. मी म्हणालो, "उद्या घ्या." त्याने माझी कॉलर धरली. तोंडाला दारूचा वास. "माझे दोन रुपये दे." आणि माझा हात खिशात गेला. मी ठरवून घातला नाही, तो आपोआप गेला. खट् करून पातं उघडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

तुझे बाबा केबिनमधून कधी उतरले मला कळलं नाही. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बोटं सुन्न झाली. दुसऱ्या हाताने स्वतःच्या शर्टाच्या खिशातून दोन रुपये काढून त्या माणसाला दिले. "घ्या दादा, जा घरी." मग मला म्हणाले, "डबल बेल मार." कळवणपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मुक्कामाला पोचल्यावर एवढंच म्हणाले, "पैसे त्याचेच होते रे."

चाकू मी चोरासाठी घेतला होता. चोर पुन्हा कधी आला नाही. चाकू निघाला तो ज्याचं मी देणं लागत होतो त्या माणसावर. त्या रात्री दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर माझी नोकरी, माझा संसार आणि त्या बिचाऱ्याचा जीव, सगळं दोन रुपयांत गेलं असतं. म्हणून सांगतो, तो चाकू बॅगेतून काढ. आजच काढ.

आता कायद्याचं. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तेवढ्यापुरतं तुझं बरोबर. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, सण-उत्सव, मोर्चे, निवडणुका असल्या की हमखास. त्या काळात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते आणि मोडली तर कलम १३५ लागतं. मध्यरात्री नाकाबंदीत तुझी बॅग उघडली की पातं किती इंचांचं यावर तू पोलिसांशी वाद घालत बसणार आहेस का?

स्वतःचा बचाव करायचा हक्क तुला आहेच. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण त्याच संहितेतलं कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. मोबाईल हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत चाकू मारलास तर तो बचाव ठरणं फार अवघड आहे.

शर्टाखाली पिस्तूल लावून फिरणाऱ्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ तू पाहतोस, मला माहीत आहे. तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. आपल्याकडे पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, शहरात तो पोलीस आयुक्तांकडे मागायचा, आणि धोका का आहे हे पटवून द्यावं लागतं. मिळाला तरी २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि अंगाशी हवं. सार्वजनिक जागी ते नुसतं परजणंही मना आहे. आणि कुणी गावठी कट्ट्याची गोष्ट काढली तर तिथून उठून ये. विनापरवाना पिस्तूल सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आत. शिवाय ती नळी तुझ्याच हातात फुटू शकते.

मग जवळ काय ठेवायचं? मी पुढची सगळी नोकरी कॅश घेऊन रात्री-बेरात्री केली, ती कशी ते सांगतो. पैसे कधी एका जागी ठेवले नाहीत. वरच्या खिशात थोडे, बाकीचे आत. तूही एक जुनं पाकीट ठेव, त्यात दोनशे रुपये. कुणी अडवलंच तर ते एका बाजूला लांब फेकायचं आणि दुसऱ्या बाजूला पळायचं, उजेडाकडे, माणसांकडे. दोनशे गेले तर गेले. मोबाईल मागितला तर तोही दे. आज घरी गेल्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढ आणि वहीत लिही. फोन गेला की आधी बँकेचं आणि सिमचं बंद करायचं, मग पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो फोन ब्लॉक करायचा. फोनमधलं इमर्जन्सी एसओएस चालू करून ठेव. ११२ हा मदतीचा नंबर तर डोळे मिटूनही लावता आला पाहिजे.

रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलू नकोस. बोलायचंच असेल तर दुकानाच्या पायरीवर चढ, पाठ भिंतीला लाव. चालताना समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील त्या बाजूने चाल, मागून आलेली दुचाकी कळत नाही. कानात ते बोळे तर नकोतच. त्रिमूर्ती चौकाकडून वळसा पडतो, पण तिथे रात्रीही जाग असते, तिकडून ये. शिफ्टचे तिघं-चौघं मिळून निघा, सगळ्यात शेवटी ज्याचं घर त्याने पोचल्याचा मेसेज टाकायचा.

पेपर स्प्रे ठेवलास तर माझी हरकत नाही. पण त्यावरची मुदत बघ, आणि वारा कुठून आहे ते बघूनच मार. वारा समोरून असेल तर तुझेच डोळे जातील. बॅगेच्या तळाशी पडलेल्या स्प्रेचा काही उपयोग नाही.

अजून एक, हे चोरांबद्दल नाही, पण मला राहवत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ जीव गेले, त्यात बाया जास्त. मी त्या दिवशी जादा गाड्यांवर होतो. संध्याकाळी परतीच्या गाडीत एक म्हातारी एकाच पायात चप्पल घालून बसली होती. दुसरी कुठे गेली विचारलं तर नुसती बघत राहिली. २०२७ ला पुन्हा सिंहस्थ आहे, तू मित्रांबरोबर जाशीलच. गर्दी दाटायला लागली की दोन्ही हात छातीसमोर आडवे धर, श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट जायचं नाही, त्याच्यासोबत पुढे सरकत तिरपं तिरपं कडेला यायचं, पण भिंतीला चिकटायचं नाही. चप्पल पडो, मोबाईल पडो, वाकायचं नाही. आणि अंगाला अंग घासतंय असं वाटलं की तिथूनच मागे फिर, दर्शन दुसऱ्या दिवशी घे.

या पत्राच्या पाकिटात माझी शिट्टी ठेवली आहे, गाडी रिव्हर्स घेताना वाजवायचो ती. किल्लीच्या कडीत अडकव, बॅगेत नको. एकदा गच्चीवर जाऊन वाजवून बघ, भीती वाटत असताना फुंकर नीट लागत नाही, म्हणून आधी सवय हवी.

तुमच्या माळ्यावर बाबांची टूलबॉक्स आहे. त्यात काळ्या मुठीचा एक चाकू आहे, सुतळी कापायला वापरतात. त्याचा खटका मोडलेला आहे, तू पाहिलाही असशील. तो तुझ्या बाबांनी कळवणला त्याच रात्री पान्याने ठोकून मोडला.

रविवारी जेवायला ये. काकू विचारत होती.

तुझा,
काका