पुळणीवरचा ठिपक्यांचा पतंग

गुहागरच्या पुळणीवर भरदुपारी पायाशी भुर्रकन उडालेलं, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेलं फुलपाखरू कोणतं, असं तुम्ही विचारलंय. ते फुलपाखरू नव्हे, पतंग आहे: युटेथिसा. दिवसा उडतो म्हणून बऱ्याच जणांची फसगत होते. तुमच्या फोटोत मिशा बघा, दोऱ्यासारख्या आहेत, फुलपाखराच्या मिशांना असते तशी टोकाला गाठ नाही. पंखही अंगाभोवती विडीसारखे गुंडाळलेत. यातली पुल्केला ही जात आपल्याकडे सर्रास दिसते, पण लोट्रिक्स तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की मिटलेल्या पंखांवरून मी जात पक्की सांगणार नाही.

पुढच्या वेळी पतंगामागे धावण्यापेक्षा खुळखुळा शोधा. सुरूच्या बनाबाहेर, मोकळ्या वाळूत पिवळ्या फुलांची ही झुडपं असतात. वाळलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात. भोक पडलेली शेंग दिसली तर हळूच उकला. करड्या अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा आणि नारिंगी खुणा असलेली केसाळ अळी सापडेल. ताग खुळखुळ्याचाच भाऊबंद, त्यामुळे ताग लावणारे शेतकरी या अळीला चांगलं ओळखतात. म्हणजे हा पतंग फक्त किनाऱ्यावरचा नाही. भुरुंडी या रानटी झाडावरही त्याची अळी वाढते.

या झाडांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची विषं असतात. अळी ती पचवते, साठवते, आणि कोशातून बाहेर पडलेल्या पतंगाच्या अंगातही ती राहतात. एवढे भडक रंग मिरवत तो उन्हात निर्धास्त फिरतो तो त्यांच्याच जोरावर. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर, ऑर्नाट्रिक्सवर, कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आयस्नर यांनी अनेक वर्षं काम केलं. जाळ्यात अडकलेल्या त्या पतंगाला कोळी खात तर नाहीच, उलट भोवतीचे धागे तोडून सोडून देतो! मीलनाच्या वेळी नर आपल्याजवळचं विष मादीला देतो आणि मादी ते अंड्यांत उतरवते. बापाकडून पिल्लांना मिळालेलं हे संरक्षण मला आजही थक्क करतं.

एक कळकळीची विनंती. किनारा स्वच्छ करताना प्लास्टिक जरूर उचला, पण खुळखुळा आणि मर्यादवेल तण समजून उपटू नका. मर्यादवेल वाळू धरून ठेवते, आणि खुळखुळा गेला तर त्या पुळणीवर हा पतंग अंडी कुठे घालणार? मागचे पंख उघडे असलेला फोटो मिळाला तर नक्की टाका, जात ठरवायचा प्रयत्न करू.